थर्मामीटर ९८ वर का थांबतो? पदार्थाच्या अवस्था घरी तपासण्याची रीत

“काकू, तुमचा थर्मामीटर खराब आहे. अठ्ठ्याण्णववरच अटकून गेला!”

पातेल्यात पाणी खळखळा उकळत होतं, ओट्याभोवती वाड्यातली चार मुलं उभी होती आणि पुस्तकात १०० छापलेलं होतं. थर्मामीटर मी सकाळीच बर्फात बुडवून पाहिला होता, तेव्हा तो बरोबर शून्यावर होता. म्हणजे तो खराब नव्हता. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळायला लागतं. १०० हा आकडा समुद्रकाठचा. हाच प्रयोग दादरला मामाच्या घरी केला असता तर तो मिळाला असता.

त्या दिवसापासून हा धडा मी उलटा शिकवते. ‘स्थायूला ठरावीक आकार असतो, द्रवाला नसतो’ हे वाक्य पाठ करून घ्यायचं ते शेवटी. आधी दाबून बघायचं, ओतून बघायचं, तापवून बघायचं. सहावी ते नववीच्या मुलांना हे सगळं दोन रविवारी सकाळी आरामात होतं. गॅसजवळचं प्रत्येक काम मात्र मोठ्यांनीच करायचं.

सामान

सुई नसलेली २० मिलीची सिरिंज मेडिकलवर मिळते. प्रयोगशाळेचा, उणे १० ते ११० अंशांचा थर्मामीटर शाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळेल. लाल द्रवाचा घ्या, पाऱ्याचा नको. फुटला तर पारा वेचत बसणं धोक्याचं. तापाचा थर्मामीटर तर चुकूनही उकळत्या पाण्यात घालू नका, तो ४२ च्या पुढे मोजण्यासाठी बनलेलाच नाही. बाकी सगळं घरातलंच: बर्फ, जाडं मीठ, रवा, शेव, खोबरेल तेल, कापूर, शाई, कॉर्नफ्लोअर आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा.

आधी शब्दांचा गुंता सोडवा

ही पायरी महाराष्ट्रातल्या पुस्तकात सापडणार नाही, पण इंदुरात तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपली मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी किंवा इंग्रजीतून शिकतात आणि आजीने जपून ठेवलेली पुस्तकं मराठी. स्थायू म्हणजे हिंदीतला ठोस, आकारमान म्हणजे आयतन, द्रवणांक म्हणजे गलनांक, उत्कलनांक म्हणजे क्वथनांक. इथवर ठीक आहे, शब्द वेगळे आहेत हे निदान दिसतं तरी. खरा घोटाळा ‘अणू’चा. मराठीत अणू म्हणजे ज्याला हिंदी पुस्तक ‘परमाणु’ म्हणतं तो. हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. एकच शब्द, दोन अर्थ. पाण्याचा एक रेणू हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून होतो, हे वाक्य हिंदी पुस्तकाच्या हिशेबाने वाचलं तर सगळंच उलटतं. वहीच्या पहिल्या पानावर ही जोडी लिहून घ्या. मी पुढे सोयीसाठी नुसतं ‘कण’ म्हणणार आहे.

पायरी १: दाबून बघा

सिरिंजमध्ये २० मिली हवा ओढा, टोक अंगठ्याने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. जरा जोर लावला की तो १० च्या आसपास जातो. सोडलात की परत मागे येतो. आता पाणी भरा, टोक वर धरून आतला बुडबुडा काढून टाका आणि पुन्हा दाबा. कितीही जोर लावा, दट्ट्या हलत नाही. हवेच्या कणांमध्ये रिकामी जागा भरपूर असते, पाण्याचे कण जवळजवळ चिकटून असतात. एवढं एका मिनिटात कळतं.

पाणी दाबलं जात नाही, म्हणून तर ते ढकलता येतं. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, तेही चढावर, पंपांनी लोटत आणलेलं असतं. नळीत हवा अडकली की काय होतं, हे ज्याने पहाटे कोरड्या नळाची फुसफुस ऐकली आहे त्याला सांगायला नको.

आता गंमत. सिरिंजचा दट्ट्या काढून आत मीठ भरा, दट्ट्या परत बसवा, टोक बंद करा आणि दाबा. थोडं दाबलं जातं! मुलं लगेच म्हणतात, “म्हणजे स्थायू दाबता येतो.” उत्तर देऊ नका. त्याच मिठात खोबरेल तेल ओतून, हवा बाहेर काढून पुन्हा दाबायला सांगा. आता हलत नाही. दाबली जात होती ती दाण्यांमधली हवा. पाण्याऐवजी तेल घ्यायचं कारण, मीठ पाण्यात विरघळून जाईल.

पायरी २: ओतून बघा, पण दाणा विसरू नका

शेव डब्यात ओतली तर डब्याचा आकार घेते. मग शेव द्रव झाली का? इंदुरी मुलाला हा प्रश्न विचारला की तो मन लावून विचार करतो. परातीत एका बाजूला रवा ओता, दुसऱ्या परातीत पाणी. रव्याची टेकडी होते आणि ती तशीच राहते. पाण्याचा पृष्ठभाग आपला आपण सपाट होतो, परात तिरपी केली तरी. आता रव्याचा एकच दाणा चिमटीत घ्या आणि त्याला वाटीतून ताटलीत न्या. त्याचा आकार बदलला का? स्थायूची व्याख्या त्या एका दाण्याला विचारायची, ढिगाला नाही.

काठोकाठ रवा भरलेल्या वाटीत चमच्याने हळूहळू पाणी घाला. किती चमचे मावतात ते मोजा. एवढी हवा तुम्ही ‘भरलेल्या’ वाटीत धरली होती.

पायरी ३: न ढवळता रंगवा

एका ग्लासात फ्रिजचं पाणी, दुसऱ्यात कढत पाणी. दोन्ही दोन मिनिटं स्थिर होऊ द्या आणि प्रत्येकात शाईचा एक थेंब हळूच सोडा. ढवळायचं नाही, टेबल हलवायचं नाही. कढत पाण्यात रंग बघता बघता पसरतो, गार पाण्यात त्याच्या लडी बराच वेळ लोंबत राहतात. तापमान वाढलं की कण जास्त जोरात पळतात, हे इथे डोळ्यांना दिसतं. वायूत हे आणखी वेगाने होतं. हिंगाची फोडणी पडली की जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला कळतं. शाई थेंबानेच टाका. पहिल्या वेळी आमच्याकडे अख्खी दौत गेली होती.

पायरी ४: बर्फापासून वाफेपर्यंत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

२०० ग्रॅम बर्फ फडक्यात बांधून बत्त्याने बारीक ठेचा. फ्रीझरचा बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, म्हणून तो ओला दिसायला लागेपर्यंत थांबा. मग ढवळून थर्मामीटर धरा आणि शून्य येतं का ते पाहा. एक अंश जास्त दाखवत असेल तर तेवढा पुढच्या प्रत्येक नोंदीतून वजा करायचा. हे न करता ९८ आलं तर इंदूर उंच आहे की थर्मामीटर लबाड, हे कसं ठरवणार?

आता पातेलं अगदी मंद आचेवर ठेवा. ज्योत नंतर बदलायची नाही. लाकडी चमच्याने सतत ढवळा. थर्मामीटरचं टोक बुडाला टेकू देऊ नका, टेकलं की तो पातेल्याचं तापमान सांगतो. दर मिनिटाला एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा.

पहिली काही मिनिटं मुलं कंटाळतात. गॅस चालू आहे आणि आकडा शून्याच्या आसपासच. हा कंटाळा येऊ द्या, धडा त्यातच आहे. गॅसची उष्णता जाते कुठे? बर्फातले कण एकमेकांना जागच्या जागी धरून असतात. ती पकड सैल करण्यात ती खर्च होते. तापमान वाढवायला काही उरत नाही. या उष्णतेला मराठी पुस्तकं अप्रकट उष्मा म्हणतात, हिंदीत गुप्त ऊष्मा. १ ग्रॅम बर्फ नुसता वितळायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्यात तेच १ ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं.

बर्फाचा शेवटचा तुकडा दिसेनासा झाला की वेळ लिहा आणि इथे मुलांना भविष्य सांगायला लावा. समजा, वितळायला ४ मिनिटं लागली. पाणी शून्यापासून ९८ पर्यंत जायला प्रत्येक ग्रॅमला ९८ कॅलरी हव्यात, म्हणजे साधारण ५ मिनिटं. आणि सगळ्या पाण्याची वाफ व्हायला? तिथे ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी लागतात, म्हणजे २७ मिनिटं! प्रत्यक्षात पातेलं बाजूने उष्णता सोडत असतं, त्यामुळे वेळा लांबतात, पण प्रमाणाचा अंदाज येतो. पाणी पूर्ण आटवू नका. पातेलं जळलं तर आईला कॅलरी समजावून उपयोग नाही.

९८ च्या आसपास पुन्हा आकडा थांबतो. आता आच मोठी करा. उकळी जोरात येते, आकडा मात्र तोच. उकळी आल्यावर भाजी मोठ्या गॅसवर लवकर शिजत नाही, नुसतं पाणी लवकर आटतं, हे घरातल्या बायकांनाही पटवा. मला स्वतःला ते पटायला चाळिशी उजाडली.

नोंदींचा आलेख काढा: आडवा वेळ, उभं तापमान. जिन्यासारखा दिसेल, दोन सपाट पायऱ्या आणि मध्ये चढ.

पायरी ४ चा शेपटा: सिरिंजमध्ये उकळी

दाब कमी झाला की पाणी लवकर उकळतं, हे आकड्यावरून पटवण्यापेक्षा दाखवलेलं बरं. हे मोठ्यांनी करायचं. पाणी एकदा उकळून घ्या, म्हणजे त्यात विरघळलेली हवा निघून जाईल. ७५–८० अंशांपर्यंत निवलं की सिरिंजमध्ये ५ मिली ओढा, टोक वर करून हवा काढा, टोक बंद करा. त्यासाठी बोटावर जाड रबराचा तुकडा घ्या, चटका बसत नाही. आता दट्ट्या जोरात मागे खेचा. गॅस नाही, ज्योत नाही आणि आत पाणी उकळतंय! सोडलं की उकळी बंद.

लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही. आपला कुकर नेमकं उलट करतो. वाफ कोंडून दाब वाढवतो आणि आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत द्रवच राहतं. गॅसची टाकी हलवली की आत काहीतरी डचमळतं, तेही याच कारणाने. १४.२ किलो इंधन दाबाखाली द्रव होऊन बसलेलं असतं, बाहेर येताच वायू होतं. म्हणजे पाणी ‘द्रव’ आहे असं नुसतं म्हणून भागत नाही, किती तापमानाला आणि किती दाबाला ते सांगावं लागतं.

पायरी ५: वाफ बघा. म्हणजे, बघता येत नाही ते बघा

किटलीच्या तोटीला लागून बोटभर जागा मोकळी दिसते, पांढरा ढग त्याच्या पुढे सुरू होतो. वाफ त्या मोकळ्या जागेत आहे, ती दिसत नाही. पांढरं दिसतं ते पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब. त्या ढगात सांडशीने गार स्टीलची थाळी धरा, लगेच ओघळ येतात. हात कधीच धरू नका. वाफ पाणी होताना ग्रॅममागे ५४० कॅलरी कातडीवर ओतते, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट.

आपल्या चौकातला पोहेवाला याच उष्णतेवर धंदा करतो. खाली उकळतं पाणी, वर पोह्यांचा टोप. वाफ पोह्यांवर पाणी होते, उष्णताही देते आणि ओलावाही, म्हणून सकाळी सहाचे पोहे दहालाही मऊ आणि गरम. घरी कढईत परतलेल्या पोह्यांना ते जमत नाही, मग जिरावण मसाला कितीही टाका.

एक चमचा, म्हणजे ५ मिली पाण्याची वाफ आपल्या इथल्या दाबाला जवळजवळ ९ लिटर जागा घेते. चमचा आणि मध्यम बादली शेजारी ठेवून दाखवा.

वजनाचाही एक प्रयोग आहे: झाकणाच्या डबीत बर्फ घालून वजन करा, वितळल्यावर पुन्हा करा. तेवढंच भरायला हवं. पावसाळ्यात मात्र दोन-तीन ग्रॅम जास्त येतात आणि मुलं गोंधळतात. डबी बाहेरून पुसा, हवेतली वाफ तिच्यावर दव होऊन बसलेली असते. मे महिन्यात, मालव्याची हवा कोरडी असताना, ही अडचण जवळजवळ येत नाही. त्याच कोरड्या हवेत माठाचं पाणी गार होतं आणि जुलैत होत नाही. पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, पण हवाच ओली असेल तर उडणार कुठे?

पायरी ६: मीठ घालून बर्फाहून गार

ठेचलेला बर्फ तीन वाट्या, जाडं मीठ एक वाटी, ढवळा. थर्मामीटर शून्याखाली घसरतो. तो उणे १० ला आला की बाहेर काढा, त्याची पट्टी तिथे संपते. मिश्रण आणखी खाली जाऊ शकतं, अगदी जमून आलं तर उणे २१ पर्यंत. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो आणि वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूच्या वस्तूंतून ओढून घेतो. सराफा बाजारात मटक्यातली कुल्फी जमते ती याच हिशेबाने. आटवलेलं गोड दूध साच्यात घालून त्यात पुरा, अर्ध्या तासाने बघा. या मिश्रणात बोट घालून ठेवायची पैज मुलं लावतातच. लावू देऊ नका, कातडी गोठते.

पायरी ७: तरंगतं कोण, बुडतं कोण

खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं, म्हणून डिसेंबरात बाटलीत दगड आणि एप्रिलमध्ये पाणी. थोडं तेल फ्रिजमध्ये घट्ट करून त्याचा खडा पातळ तेलात टाका, तो बुडतो. बर्फाचा खडा पाण्यात टाका, तो तरंगतो. जगात बहुतेक पदार्थ तेलासारखे वागतात: घट्ट झाले की कण जवळ येतात आणि घनता वाढते. पाण्याचे कण गोठताना जाळीसारखी रचना करतात, मध्ये पोकळ्या राहतात, म्हणून बर्फाची घनता ०.९२ च्या आसपास आणि पाण्याची १. फ्रीझरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली फुटते त्याचंही हेच कारण.

तूप इथे वापरू नका. त्यात अनेक प्रकारची स्निग्धं मिसळलेली असतात, ते एका ठरावीक अंशाला न वितळता हळूहळू मऊ पडत जातं.

पायरी ८: कापूर

कापराच्या वड्या स्टीलच्या वाटीत ठेवा, वर काचेची बशी पालथी घाला, बशीवर बर्फाचा खडा. ही वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात अधांतरी ठेवा, ज्योत विझवून. कापूर पटकन पेटतो आणि पोटात गेला तर विषारी आहे, म्हणून लहान भावंडं दूर. काही वेळाने बशीच्या आतल्या बाजूला पांढरे बारीक स्फटिक दिसतील. मधे द्रव कुठेच दिसला नाही. याला संप्लवन म्हणतात.

जे कुठल्याच खान्यात बसत नाही

चौथी अवस्था प्लाझ्मा. वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झाले की ती होते. वीज चमकते ती, सूर्य तो, आणि गॅस पेटवायच्या लायटरची निळसर ठिणगी तीही. जुन्या ट्यूबलाइटमध्येही होती. घरात आता एलईडीची नळी असेल तर तिच्याकडे बोट दाखवू नका, तिच्यात प्लाझ्मा नसतो. पाचवी अवस्था, बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट, घरात होत नाही. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली आइन्स्टाइनना पाठवलेल्या लेखातून तिची कल्पना निघाली आणि १९९५ मध्ये अमेरिकेत रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या (सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस, याहून गार काही होत नाही) वर एका अंशाच्या दशलक्षाव्या भागाहूनही कमी इतके गार करून ती प्रत्यक्ष मिळाली. आणि काहीच नसणं बघायचं असेल तर तेही आपल्या गावात आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, ज्याला आपण सगळे नुसतं ‘कॅट’ म्हणतो, इंडस-१ आणि इंडस-२ या यंत्रांच्या कड्यासारख्या गोल नळीत इलेक्ट्रॉन फिरतात, त्या नळीतून हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकलेली असते.

शेवटचा खेळ कॉर्नफ्लोअरचा. दोन वाट्या पिठात साधारण एक वाटी पाणी. हळू बोट घाला, आत जातं. बुक्की मारा, दगड. मुलं विचारतात, हा स्थायू की द्रव? पायरी २ मधला सपाट पृष्ठभाग आठवायला सांगा आणि पाच मिनिटं परात हलवू नका, उत्तर ती स्वतः देतील. खेळून झाल्यावर ते मिश्रण बेसिनमध्ये ओतू नका. पीठ खाली बसून नळीत घट्ट गोळा होतो आणि मग प्लंबरला अवस्थांतर समजावत बसावं लागतं. उन्हात परात ठेवा, संध्याकाळी कोरडं पीठ खरवडून कचऱ्यात टाका, ओल्या कचऱ्याच्या डब्यात.